एकट्याने पहिला विमानप्रवास: भीती घेऊनच कसं निघायचं

पहिल्यांदा एकट्याने विमानाने निघालेल्या माणसाला घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे एकच वाक्य ऐकवतात: "त्यात काय एवढं? काही होत नाही." बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण या वाक्याने कोणाची धडधड थांबलेली मी तरी पाहिली नाही, कारण भीती नेमकी कशाची वाटते हे कोणी विचारलेलंच नसतं.

म्हणून आधी तेच विचारू, आणि मग तिकीट काढण्यापासून पलीकडच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत क्रमाने जाऊ. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. भीती पूर्ण गेल्यावर निघू, असं ठरवलंत तर निघणं होणारच नाही. ती बरोबर असणार असं धरूनच तयारी करायची, आणि ती करता येते.

## आधी भीती सुटी करा

कागद-पेन घेऊन बसा. "मला विमानाची भीती वाटते" असं मोघम लिहू नका, डोळ्यांपुढे जे येतं ते लिहा. दार बंद झाल्यावर बाहेर पडता येणार नाही. विमानात चढण्याचं गेट सापडणार नाही आणि विमान निघून जाईल. हादरे बसायला लागतील आणि हात धरायला कोणी नसेल. सगळ्यांसमोर रडू येईल. मनात येईल ते, कितीही क्षुल्लक वाटलं तरी लिहा.

मग यादीचे तीन भाग करा. विमानाबद्दलची भीती एकीकडे: ते पडेल का, इंजिन बंद पडेल का. विमानतळाबद्दलची दुसरीकडे: चुकेन, उशीर होईल, कागद विसरेन, चारचौघांत फजिती होईल. आणि स्वतःच्या शरीराबद्दलची तिसरीकडे: श्वास कोंडेल, चक्कर येईल, ताबा सुटेल.

माझ्या आत्याला विमान पडेल याची भीती कधीच नव्हती. सिक्युरिटीत बूट काढायला सांगतील का, काढले तर परत कुठे घालायचे आणि तोवर मागची रांग खोळंबली तर लोक काय म्हणतील, याने तिची झोप उडाली होती. घरचे मात्र तिला विमान किती सुरक्षित असतं ते समजावत बसले होते.

प्रत्येक भागाला वेगळा उपाय लागतो. विमानाच्या भीतीला माहिती लागते. विमानतळाच्या भीतीला पुढे काय येणार आहे त्याचा क्रम माहीत असावा लागतो. शरीराच्या भीतीला श्वासाचा सराव लागतो, आणि तो आधी घरी करावा लागतो. तुमची यादी कुठल्या भागात सर्वांत लांब आहे ते पाहा आणि पुढचं वाचताना तिथे जास्त वेळ द्या.

## तिकीट काढताना

शक्य असेल तर पहिलं विमान थेट घ्या, मध्ये बदलावं लागणारं नको. बदलावंच लागणार असेल तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असू द्या. पहिल्याला उशीर झाला तर पुढची सोय करणं मग कंपनीकडे येतं. वेगवेगळी तिकिटं काढलीत की तो घोर तुमच्या माथी.

वेळ सकाळची निवडा. ऊन चढून जमीन तापली की तिच्यावरची हवा वर-खाली होऊ लागते, त्यामुळे दुपारच्या मानाने सकाळी खालच्या थरात हादरे कमी बसतात. शिवाय दिवसभरात साचत जाणारा उशीर सकाळच्या विमानाला कमी बाधतो. आणि दिवसभर वाट पाहत बसण्यातून सुटका होते, ती वेगळीच.

सीट आधीच निवडून ठेवा. पंखांजवळच्या रांगांमध्ये विमान सर्वांत कमी हलतं, शेपटीकडे सर्वांत जास्त. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी वाटेच्या कडेची सीट घ्यावी, कोणालाही न उठवता उभं राहता येतं. बाहेर काय चाललंय ते न दिसल्याने घाबरणाऱ्यांनी खिडकी घ्यावी. मधली मात्र पहिल्या प्रवासाला नकोच, तिथे या दोन्हींपैकी काहीच मिळत नाही.

तिकिटावरचं नाव ओळखपत्रावरच्या किंवा पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना, हे त्याच दिवशी तपासा. चूक लगेच कळवली तर दुरुस्त होणं सोपं असतं.

## विमानाबद्दलची माहिती, घरी बसून वाचण्यासाठी

आकडे आणि यंत्रांची माहिती निवांत असताना डोक्यात शिरते. विमान हलत असताना कोणतीही आकडेवारी मदतीला येत नाही. म्हणून हा भाग आठवडाभर आधी वाचा.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले प्राध्यापक आर्नोल्ड बार्नेट यांनी प्रवासी विमानांतल्या जोखमीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार २०१८ ते २०२२ या काळात जगभरात प्रवासी विमानात चढण्याच्या १ कोटी ३७ लाख वेळांमागे एक मृत्यू, इतकी जोखीम होती. १९६८ ते १९७७ या काळात हेच प्रमाण साडेतीन लाखांमागे एक होतं. ही घट आपोआप झालेली नाही. एकेका अपघाताची चौकशी होऊन तिच्यातून नियम, यंत्रं आणि वैमानिकांचं शिक्षण बदलत गेलं, तेव्हा ती झाली.

इंजिन बंद पडलं तर? दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावर उडत राहून सुखरूप उतरू शकतं. उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन गेलं तरी ते वर चढू शकतं, हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला परवानगीच मिळत नाही. या प्रसंगाचा सराव वैमानिक ठरावीक काळाने सिम्युलेटरवर, म्हणजे उड्डाणाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या यंत्रावर, पुन्हा पुन्हा करतात आणि त्यात त्यांची परीक्षा होते. दोन्ही इंजिनं बंद झाली, तरी विमान दगडासारखं खाली येत नाही, पंखांवर तरंगत पुढे जात राहतं. २००१ मध्ये अटलांटिक महासागरावर एका एअरबस ए३३० विमानाचं इंधन संपलं. वैमानिकांनी ते साधारण १९ मिनिटं इंजिनांशिवाय नेऊन अझोर्स बेटांवर उतरवलं, आणि विमानातले ३०६ जण वाचले. अशा घटना वाचून काहींना धीर येतो, काहींची भीती वाढते. दुसऱ्या प्रकारात असाल तर एवढंच लक्षात ठेवा की विमानाला वर धरतात ते पंख.

पंख तुटेल का? खिडकीतून पाहिलंत तर पंखाचं टोक वर-खाली होताना दिसेल. ते तसं व्हायलाच हवं, न वाकणारा पंख चांगला नव्हे. नेहमीच्या वापरात जास्तीत जास्त जेवढा ताण येईल असं धरलेलं असतं, त्याच्या दीडपट ताण पंखांनी सोसावा लागतो. बोइंग ७८७ ची अशी चाचणी २०१० मध्ये झाली तेव्हा पंख सुमारे २५ फूट वर वाकवले होते.

चालत्या विमानाचं दार कोणी उघडलं तर? उंचावर आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा इतका जास्त असतो की दारावर टनावारी जोर येतो. माणसाच्या ताकदीने ते उघडत नाही.

विमानाला उतरायला जागाच मिळाली नाही तर? इंधन मुक्कामापुरतं मोजून भरत नाहीत. गरजेप्रमाणे दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं आणि त्यावर निदान अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं जास्तीचं इंधन ठेवण्याचा नियम आहे.

इतकं वाचून थांबा. निघण्याच्या आदल्या रात्री अपघातांचे व्हिडिओ पाहू नका. एक पाहिला की मोबाइल आणखी दहा पुढे करतो.

## निघण्याआधीचा आठवडा

रोज पाच-सात मिनिटं श्वासाचा सराव करा. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास आत, सहा मोजेपर्यंत हळूहळू बाहेर. सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा लांब असला पाहिजे, कारण श्वास सोडताना हृदयाची गती किंचित उतरते. हे विमानात पहिल्यांदा करून पाहू नका. शरीराला ते आधी शांत असताना सवयीचं झालं, तरच घाबरल्यावर जमतं.

बॅगेचं सांगायचं तर पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या नेहमी जवळच्या बॅगेत, चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर देऊन टाकायच्या सामानात कधीच नाही. पॉवर बँकेवर वॉट-अवर (Wh, तिच्यात किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेले असतात, ते १०० पर्यंत असतील तर सहसा वेगळी परवानगी लागत नाही. विमानात ती वापरायला मात्र काही कंपन्या मनाई करतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर जवळच्या बॅगेतल्या द्रवपदार्थाची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी चालत नाही. कात्री, चाकू चेक-इनमध्ये. रोजची औषधं, चष्मा, चार्जर आणि कपड्यांचा एक जोड जवळ ठेवा, मोठी बॅग उशिरा पोचली तरी अडत नाही.

ऑनलाइन चेक-इन बहुतेक ठिकाणी उड्डाणाच्या २४ ते ४८ तास आधी सुरू होतं. करून टाका, आणि मिळालेल्या बोर्डिंग पासचा (विमानात चढताना दाखवायच्या पासचा) स्क्रीनशॉट काढून ठेवा. शक्य असेल तर कागदावरही छापून घ्या, मोबाइलची बॅटरी संपेल ही एक भीती तरी यादीतून जाईल.

झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांबद्दल जरा सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण त्या मैत्रीखात्यात हातोहात दिल्या जातात. दुसऱ्याची गोळी घेऊ नका. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विमानाला घाबरणाऱ्या काही स्त्रियांना उड्डाणाआधी अल्प्राझोलाम हे चिंतेवरचं औषध दिलं होतं. त्या प्रवासात त्यांना भीती कमी वाटली, पण आठवड्याने गोळीविना उडाल्या तेव्हा ती उसळली, गोळी न घेतलेल्यांपेक्षा जास्त. गोळीच्या अमलात शरीर काही शिकलंच नव्हतं. डॉक्टरांनी तुम्हाला तपासून दिली असेल तर त्यांचं ऐका. दारूचा आधार मात्र नको. केबिनमधल्या कोरड्या हवेत आणि कमी दाबात ती जास्त त्रास देते, आणि उतरली की धडधड वाढवते. चहा-कॉफी त्या दिवशी बेताने. उपाशीपोटीही जाऊ नका, कारण भुकेची थरथर भीतीच्या थरथरीसारखीच लागते.

हृदयाचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपणाचे शेवटचे महिने किंवा जोराची सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

## विमानतळावर

देशांतर्गत प्रवासाला दोन तास आणि आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोचा. गडबड आणि भीती यांतला फरक शरीराला कळत नाही, त्यामुळे हातातला जास्तीचा वेळ हेच इथलं सर्वांत मोठं औषध.

विमानतळ बाहेरून अफाट दिसतो, पण आत रस्ता एकच असतो. चेक-इन काउंटर किंवा बॅग देण्याची जागा, मग परदेशी जायचं असेल तर पासपोर्टची तपासणी, सिक्युरिटी, आणि गेट. या दोन तपासण्या कुठे कुठे उलट्या क्रमाने येतात, आणि कुठे आत शिरतानाच तिकीट-ओळखपत्र पाहतात. एका वेळी फक्त पुढचं ठिकाण शोधायचं. सिक्युरिटीच्या रांगेत असताना गेटचा विचार करू नका.

मोठी बॅग दिली की तिच्या टॅगचा छोटा तुकडा मिळतो, तो जपा. बॅग कुठपर्यंत जाणार ते तिथेच विचारा, मध्ये विमान बदलणार असाल तर हमखास.

सिक्युरिटीत सगळे गडबडतात, म्हणून हा भाग आधीच डोळ्यांपुढे आणून ठेवा. रांगेत असतानाच खिशातलं सगळं, घड्याळ आणि पट्टा जवळच्या बॅगेत टाका. तपासणीच्या सरकत्या पट्ट्यापाशी ट्रे असतात. त्यात बॅग ठेवायची. लॅपटॉप बाहेर काढायला सांगितला तर तो वेगळ्या ट्रेमध्ये. बूट सांगितले तरच काढायचे, आणि पलीकडे ते घालायला सहसा बाकं असतात. मग चौकटीतून चालत जायचं. आवाज झाला तर घाबरण्याचं कारण नाही, बहुतेकदा एखादं बक्कल किंवा दागिना असतो. हाताने तपासतात आणि सोडतात. ट्रेमधलं सगळं उचललं ना, हे मात्र थांबून पाहा. मागच्याला दहा सेकंद थांबावं लागलं तर लागू द्या.

बोर्डिंग पासवर दोन वेळा असतात. बोर्डिंगची वेळ तुमची, उड्डाणाची वेळ विमानाची. गेट उड्डाणाच्या १५ ते २५ मिनिटं आधी बंद होऊ शकतं, म्हणून डोळा बोर्डिंगच्या वेळेवर ठेवा. गेटचा क्रमांक ऐन वेळी बदलतो, तेव्हा पासवर छापलेल्यापेक्षा स्क्रीनवर दिसतो तो खरा. आधी गेटपर्यंत जाऊन ते डोळ्यांनी पाहून घ्या, मगच पाणी, स्वच्छतागृह, खाणं. सापडलेल्या गेटजवळ बसलेला माणूस आणि गेट शोधत फिरणारा माणूस, दोघांच्या छातीचे ठोके वेगळे असतात.

कुठेही अडलात तर गणवेशातल्या माणसाला हे वाक्य म्हणा: "माझा हा पहिलाच विमानप्रवास आहे, बरोबर कोणी नाही. आता पुढे कुठे जायचं?" लाज वाटेल, पण त्या कर्मचाऱ्याला हा प्रश्न रोजचाच असतो. उत्तर बहुतेकदा बोट दाखवून मिळतं.

## विमानात शिरल्यावर

दारात उभ्या असलेल्या केबिन क्रूला तेच वाक्य सांगा, आणि भीती वाटते हेही सांगा. त्यातलं कोणी तरी नंतर एकदा येऊन विचारून जाईल, आणि आपलं गुपित राखायची धडपड संपते, ते जास्त मोलाचं. भीतीपेक्षा ती लपवण्यातच माणूस अधिक दमतो.

सीटवर बसलात की पट्टा दोनदा लावा आणि काढा. गाडीच्या पट्ट्याला बटण असतं, इथे बकलाची वरची पट्टी उचलायची असते. घाबरलेला हात जुन्या सवयीने बटण शोधतो, म्हणून हे आत्ताच हाताला कळू द्या. डोक्यावर गोल फिरणारी हवेची तोटी असते, तिचा झोत चेहऱ्यावर घ्या. माणसाचं चित्र असलेलं बटण क्रूला बोलवायचं. ते संकटापुरतंच असतं असं काही नाही.

काही गोष्टी पाहून नवखा माणूस दचकतो. छताजवळून पांढरा धूर येतो. ती वाफ असते, दमट हवा गार हवेला भेटली की दिसते. खिडकीच्या काचेला खाली बारीक भोक दिसतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, त्यामुळे दाबाचा भार बाहेरच्या काचेवर राहतो आणि काचेवर बाष्प धरत नाही. रात्री उडताना-उतरताना दिवे मंद करतात, डोळ्यांना अंधाराची सवय असावी म्हणून. इंजिन सुरू होताना किंवा बंद करताना एअरबसच्या काही विमानांत जमिनीखालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो, तो हायड्रॉलिक (नळ्यांतल्या द्रवाचा) दाब सांभाळणाऱ्या यंत्राचा.

हवा पुरणार नाही असं वाटणाऱ्यांसाठी: आधुनिक विमानातली केबिनची हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलली जाते. त्यात बाहेरची ताजी हवा असते आणि फिल्टरमधून गाळलेली आतली हवा. तुमच्या बंद बेडरूमपेक्षा ती कितीतरी वेगाने बदलते. दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तसा. घसा कोरडा पडतो, म्हणून घोटघोट पाणी प्यायचं.

स्वच्छतागृहाचं दार मधोमध ढकललं की घडी होऊन आत जातं. कडी सरकवली की पूर्ण दिवा लागतो. फ्लशचा आवाज अचानक आणि मोठा येतो, झाकण लावून मग दाबा.

## उड्डाणाची पहिली पाच मिनिटं

सगळ्या प्रवासात भीती इथेच सर्वांत उंच जाते, आणि तिचं मूळ बहुधा न कळणाऱ्या आवाजांत असतं. म्हणून एकेक आवाज घेऊ.

विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन कधी कधी थांबतं. काही बिघडलेलं नसतं, पुढच्या विमानात आणि आपल्यात अंतर ठेवायचं असतं. मग इंजिनांचा आवाज चढतो आणि पाठ सीटला टेकते. साधारण अर्धा-पाऊण मिनिट विमान धावतं, खडखडतं, वरचे कप्पे थरथरतात. नाक उचललं जातं आणि खडखड एकदम थांबते, म्हणजे जमीन सुटली.

काही सेकंदांत पायांखाली घुर्रर्र आणि मग धप्प असा आवाज येतो. चाकं आत गेली आणि दारं मिटली.

पुढचा क्षण नीट वाचून ठेवा. जमीन सोडल्यावर मिनिटभरात इंजिनांचा आवाज अचानक खाली येतो आणि पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. नवख्याला वाटतं, इंजिन गेलं, आपण पडतोय. प्रत्यक्षात विमान चढतच असतं. सुरुवातीला लागणारा जादा जोर हजार-दीड हजार फुटांवर कमी करतात, ठरल्याप्रमाणे, जवळजवळ प्रत्येक उड्डाणात. चढण्याचा वेग किंचित घटतो आणि कानातला समतोल सांभाळणारा अवयव त्याचा अर्थ "खाली जातोय" असा लावतो. हा क्षण आला की मनात म्हणा, "आता आवाज कमी होणार होता, झाला." आधी माहीत असलेला आवाज निम्माच घाबरवतो.

मग पंखांच्या मागच्या पट्ट्या आत जाण्याचा बारीक यांत्रिक आवाज, विमानाचं एका बाजूला कलणं, आणि मधूनच "टिंग". टिंग म्हणजे सहसा कोणी क्रूला बोलावलं किंवा पट्ट्याची खूण बदलली.

## हादरे

हवा कुठे वर चढते, कुठे खाली येते, कुठे दोन वेगांचे प्रवाह एकमेकांना घासतात. त्यातून जाताना विमान हलतं. आतल्या माणसाला शेकडो फूट कोसळल्यासारखं वाटतं, बहुतेक वेळा उंचीतला बदल काही फुटांचाच असतो. विमानाच्या बांधणीत असे धक्के धरलेले असतात.

हादऱ्यांतली खरी जोखीम पट्टा न लावलेल्या माणसाला असते, तो उसळून आपटतो. म्हणून खूण विझली तरी बसल्याजागी पट्टा लावूनच ठेवा. मग तुमचं काम संपलं.

ग्लासात थोडं पाणी घेऊन समोर ठेवा आणि हादरे बसताना त्याकडे पाहा. शरीर सांगतं त्यापेक्षा पाणी फारच कमी हिंदकळताना दिसतं. आणि हातांनी खुर्चीचे दांडे आवळू नका. आवळलेलं शरीर प्रत्येक धक्का जास्त घेतं. खांदे सोडा, पाय जमिनीवर सपाट ठेवा, विमानाबरोबर हला.

## खूप घाबरायला झालं तर

छाती धडधडते, हात गार पडतात, बोटांना मुंग्या येतात, आपण इथे नाहीच असं वाटतं. हे भयंकर वाटतं हे मान्य. पण मुंग्या आणि हलकं डोकं बहुधा भराभर श्वास घेतल्याने येतात: कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकला जातो आणि त्याचे हे परिणाम. भीतीत रक्तदाब सहसा वाढतो, आणि भोवळ येऊन पडायला तो घसरावा लागतो. त्यामुळे "आता मी पडणार" असं वाटलं तरी बहुतेक जण पडत नाहीत. असा झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला जातो आणि मग ओसरायला लागतो, तुम्ही काही केलं नाही तरी.

त्याला थोपवायला गेलात की तो वाढतो. मनात म्हणा, "आली आहेस, बस शेजारी." मग घरी केलेला श्वास सुरू करा, फक्त सोडण्याकडे लक्ष देऊन. मोजणं चुकलं तर पुन्हा एकपासून. दोन-तीन मिनिटांनी मुठी घट्ट आवळा, पाच मोजा, सोडा. मग खांदे, मग पोटऱ्या. अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला ही आवळून-सोडण्याची पद्धत बसवली, ती अजून वापरतात.

त्यानंतर नजर बाहेर आणा. समोर दिसणाऱ्या पाच वस्तू मनात नावानिशी म्हणा: ट्रेची खिटी, पुढच्या सीटची शिवण, कोणाचा निळा मोजा. हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज. डोकं "काय होईल" मधून "काय आहे" मध्ये येतं.

एवढं करूनही कठीण गेलं तर बटण दाबा. छातीत दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर भीती समजून गप्प बसू नका, लगेच सांगा.

शेजाऱ्याशी बोलणं मी सुचवते, पण भीतीबद्दल एकच वाक्य आणि मग दुसरं काहीतरी. कुठे उतरणार, कोणाकडे चाललात. आणि मांडीवर काहीतरी हाताचं काम असू द्या: विणकाम (सुया चालतात का ते आधी विचारून), शब्दकोडं, डाउनलोड करून ठेवलेली मालिका. पुस्तक नवं नको, आधी वाचलेलं आवडतं घ्या.

## उतरताना

साधारण अर्धा तास आधी विमान खाली येऊ लागतं आणि कानांना दडे बसतात. गोळी चघळा, जांभई द्या, गिळत राहा. नाही सुटले तर नाक धरून, तोंड मिटून अगदी हलकेच फुंकर मारा. जोर लावायचा नाही. या वेळी झोपू नका, झोपेत गिळणं कमी होतं.

पुन्हा आवाज येतील: पंखांच्या पट्ट्या बाहेर येण्याचा, मग चाकं उघडल्याचा धप्प आणि वाऱ्याची घरघर. जमिनीला टेकताना धक्का बसतो, कधी चांगलाच. ओल्या किंवा आखूड धावपट्टीवर वैमानिक विमान मुद्दाम ठामपणे टेकवतात. टेकल्यावर इंजिनं पुन्हा गर्जतात, ती वेग कमी करण्यासाठी.

कधी उतरता उतरता विमान एकदम वर उठतं. धावपट्टी मोकळी नसेल, वारा बदलला असेल, तर वैमानिक पुन्हा फेरी घेऊन येतात. याचा त्यांना भरपूर सराव असतो. मनाला पटलं नाही म्हणून उतरायचं नाकारणारा वैमानिक हवा तसाच आहे.

## बाहेर पडताना

चाकं थांबल्याबरोबर सगळे उभे राहतात, तुम्ही बसून राहा. गर्दी ओसरली की निघा आणि बॅगेच्या चित्राच्या पाट्या धरत जा. स्क्रीनवर तुमच्या विमानाच्या क्रमांकापुढे बॅगा येणाऱ्या सरकत्या पट्ट्याचा क्रमांक असतो. बॅग आली नाही तर त्या हॉलमधून बाहेर पडण्याआधीच विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार द्या आणि तिचा क्रमांक घ्या. जपलेला टॅग इथे लागतो.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की उतरल्यावर फोन यायला अर्धा-पाऊण तास लागेल. नाहीतर ते तिकडे घाबरणार आणि त्यांचा फोन घेताना तुम्ही इकडे.

## गेटवरून मागे फिरावंसं वाटलं तर

असं होतं, आणि त्याने काही बिघडत नाही. निर्णय घेण्याआधी दहा मिनिटं घरी केलेला श्वासाचा सराव करा आणि गेटवरच्या कर्मचाऱ्याला काय होतंय ते सांगा. तरीही नाहीच जमलं तर गुपचूप निघून जाऊ नका. मोठी बॅग दिली असेल तर ती उतरवावी लागते, त्यामुळे त्यांना ताबडतोब सांगा.

भीती वारंवार आडवी येत असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा आणि कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीबद्दल विचारा. तिच्यात भीतीच्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायला शिकवतात, आणि विमानाच्या भीतीवर ती चांगली लागू पडते. काही विमान कंपन्या अशा प्रवाशांसाठी वर्गही घेतात, त्यात वैमानिक स्वतः प्रश्नांची उत्तरं देतात आणि शेवटी छोटं उड्डाण असतं.

प्रवास झाला असेल तर पुढचा फार लांबवू नका. वर्षभर मध्ये गेलं की शरीर शिकलेलं विसरायला लागतं. मागे फिरला असाल, तर पुढच्या वेळी तासाभराच्या उड्डाणाचं तिकीट काढा, आणि तेव्हा बरोबर कोणी असलं तरी चालेल.